१९१२ विरुद्ध १४७८: जिंकलेला डाव बरोबरीत कसा घालवावा

तिरका_उंट | रविवार, रात्री १०:५२

मंडळी, गेले तीन दिवस हे कोणाला तरी सांगायचं होतं. बायकोला सांगून झालं. ती म्हणाली, "मग अर्धा गुण मिळाला ना?" म्हणून इथे आलो.

कोथरूडला बुद्धिबळाची एक रेटिंग स्पर्धा चालू आहे. नव्वद मिनिटं अधिक दर चालीला तीस सेकंद, दिवसाला दोन फेऱ्या. एकूण २१२ खेळाडू, माझं मानांकन ३१ वं. स्विस लीगमध्ये पहिल्या फेरीला यादी मधोमध कापतात आणि वरच्या अर्ध्याची खालच्या अर्ध्याशी ओळीने जोडी लावतात, तेव्हा माझ्या वाट्याला १३७ नंबर आला. बारा वर्षांची मुलगी, तिचं ईएलओ, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारं रेटिंग, १४७८. माझं १९१२. पाटीवर नाव बघितलं आणि खरं सांगतो, दुसऱ्या फेरीत कोण येईल याचा विचार सुरू केला.

मुलगी खुर्चीवर चक्क मांडी घालून बसली. हात मिळवला, पेनाचं टोपण काढून घड्याळाच्या मागे ठेवलं, आणि खेळायला लागली. मी पांढरी मोहरी घेऊन नेहमीची लंडन नावाची सुरुवात लावली. सत्ताविसाव्या चालीला तिने एक प्यादं सोडलं, मी ते खाल्लं. त्याआधी बाविसाव्या चालीला तिने बरोबरी विचारली होती. मी हसून "खेळू या" म्हणालो. ते हसू आता आठवलं की कसंतरी होतं.

पुढे मोहरी कमी होत गेली. साठाव्या चालीपर्यंत स्थिती अशी (अक्षर म्हणजे उभी ओळ, आकडा म्हणजे आडवी): माझा राजा एफ५, उंट एफ३ (पांढऱ्या घरांचा), प्यादी जी५ आणि एच५. तिचा राजा जी७ आणि घोडा डी८. प्यादं एकही नाही. तिने घोडा एफ७ ला आणला, म्हणजे माझ्या जी५ वर नजर. जी५ ला माझ्या राजाचा जोर होताच. मी म्हटलं, चला, आता घोडाच मारून टाकू, नुसत्या प्याद्यांचा डाव तर डोळे मिटून जिंकता येतो. उंट डी५. पाणी प्यायलो.

तिने चार मिनिटं विचार केला आणि घोड्याने जी५ चं प्यादं मारलं. मला वाटलं चुकली. राजाने घोडा उचलला, बाजूला ठेवला, आणि हात अजून हवेत असताना कळलं. माझ्याकडे उरलं एच चं प्यादं आणि पांढऱ्या घरांचा उंट. तिचा राजा एच८ च्या कोपऱ्यात. एच८ काळं घर, आणि माझ्या प्याद्याला वजीर व्हायला तेच घर हवं. उंट जन्मात तिथे शह देऊ शकत नाही.

एक अख्खा उंट आणि एक प्यादं जास्त, आणि डाव बरोबरी. तरीही मी अजून एकोणीस चाली खेळलो. राजा इकडे, उंट तिकडे. ती आपली जी७-एच८, एच८-जी७. शेवटी माझ्याच राजाने तिच्या राजाची सगळी घरं बंद केली. स्टेलमेट: शह नाही, पण चालही नाही, म्हणून बरोबरी.

दोन प्रश्न आहेत. १४७८ वाल्यांना हे सगळं माहीत असायला लागलं असेल तर त्या रेटिंगला काय अर्थ राहिला? आणि मी त्या एकोणीस चाली खेळलो ते चूक होतं का? सभागृहाबाहेर तिची आई माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती त्यावरून विचारतोय.

पेठेतला_वाचक | रविवार, रात्री ११:१५

मूळ विषयावर नंतर येतो. "ईएलओ" नाही हो, एलो. ती आद्याक्षरं नाहीत, माणसाचं आडनाव आहे. अर्पाद एलो. जन्म हंगेरीतला, अमेरिकेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, स्वतः चांगले खेळाडू. फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, त्यांची पद्धत १९७० मध्ये स्वीकारली. बाकी चालू द्या.

दुपारचा_चहा | रविवार, रात्री ११:१९

पेठेतले काका, अकरा वाजून गेलेत, झोपा की आता.

तिरका_उंट, "हात अजून हवेत असताना कळलं" याला तोड नाही. माझं तसं दर रविवारी होतं, फक्त माझ्या हातात वजीर असतो.

पेठेतला_वाचक | रविवार, रात्री ११:२२

झोपच येत नाही, म्हणून तर वाचतोय.

गणिती_किडा | सोमवार, सकाळी ७:४०

पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यांतच आहे. दोन खेळाडूंच्या रेटिंगमध्ये २०० चा फरक असेल तर वरच्याकडून दर डावाला साधारण ०.७६ गुणांची अपेक्षा असते. फरक ४०० च्या आसपास गेला की फिडेच्या तक्त्यात ती ०.९२ होते. तुमचा फरक ४३४, तो ४०० धरला जातो. म्हणजे अशा शंभर मुलींशी खेळलात तर तुम्हाला ९२ गुण मिळावेत. शंभर नाही, ब्याण्णव. उरलेले आठ कोणाला तरी द्यायचेच आहेत. सगळे बरोबरीतून द्यायचे म्हटले तर सोळा बरोबऱ्या. त्यांतली ही एक समजा.

आता हिशेब. तुमचा के-गुणक (एका डावाने रेटिंग किती हलायचं ते ठरवणारा आकडा) २० असेल, तेव्हा ०.५ वजा ०.९२ गुणिले २०, म्हणजे ८.४ गेले. तिचा के-गुणक ४०, कारण अठरा वर्षांखालच्यांना २३०० च्या खाली असेपर्यंत ४० च लावतात. तिला मिळाले १६.८. तुमच्या खिशातून गेले त्याच्या दुप्पट तिच्या खिशात. हे पैसे असते तर आयकर खात्याने विचारलं असतं.

कोथरूडची_आई | सोमवार, सकाळी ८:०५

मी त्या मुलीची आई नाही, पण त्या दिवशी त्याच पायऱ्यांवर बसलेली एक आई आहे. माझा मुलगा खालच्या बोर्डवर होता, त्याचा डाव दीड तासात आटोपला. तुमचा एकच डाव चालू आहे असं आतून येणाऱ्या प्रत्येक मुलाकडून कळत होतं. दुसरी फेरी पाऊण तास उशिरा लागली. मुलांचे डबे झाले, पाणी संपलं, वर मे महिना. एक अंगणवाडीतलं भावंड तर तिथेच सतरंजीवर झोपलं.

एकोणीस चाली! तुम्हाला एकाच चालीत कळलं होतं असं तुम्हीच लिहिलंय. मग त्या कशासाठी होत्या? बारा वर्षांच्या मुलीला दमवायला? मला बुद्धिबळातलं फार कळत नाही. पण मोठा माणूस लहान मुलासमोर हार न मानण्याच्या हट्टाला पेटला की तो कसा दिसतो, ते चांगलं कळतं.

दुपारचा_चहा | सोमवार, सकाळी ८:११

(हळूच पॉपकॉर्न घेऊन बसतो.)

पुढचं_प्यादं | सोमवार, सकाळी ९:३०

कोथरूडची_आई, तुमचा त्रास समजतो, पण इथे मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे. वेळापत्रक लांबलं तर तो आयोजकांचा प्रश्न. दोन फेऱ्यांच्या मध्ये पुरेशी जागा ठेवायची असते. नव्वद अधिक तीसचा डाव ऐंशी चालींपर्यंत गेला तर साडेचार तासांच्या जवळ जाऊ शकतो, हे गणित आधीच करता येतं.

राहिला खेळ. बरोबरीची स्थिती आहे हे माहीत असणं वेगळं आणि ती पटावर धरून दाखवणं वेगळं. राजा एच८ च्या कोपऱ्यातून बाहेर ओढता आला तर पांढरा जिंकतो. समोरच्याला हे येतं का, हे तपासायचा हक्क प्रत्येकाला आहे, मग समोर बारा वर्षांची असो की बहात्तर वर्षांचा. लहान आहे म्हणून तिला सोडून देणं हाच तिचा अपमान नाही का? आणि यालाही हद्द आहे: पन्नास चालींत प्यादं हललं नाही आणि काही मारलं गेलं नाही तर ती पंचांना बोलावून बरोबरी मागू शकली असती. तेच स्थान तिसऱ्यांदा आलं तरी तेच. तिने मागितली नाही, म्हणजे तिचीही खेळायची तयारी होती.

मी १७०० च्या आसपासचा आहे. माझ्याविरुद्ध एका दादाने बेचाळीस चाली असंच चालवलं होतं आणि एकेचाळिसाव्या चालीला मी खरोखर चुकलो. राग त्याचा नाही आला, माझाच आला.

कोथरूडची_आई | सोमवार, सकाळी ९:४४

हक्क आहे म्हणून बजावायलाच हवा असं कुठे आहे? रांगेत माझा नंबर पुढे आहे म्हणून मी म्हातारीला मागे ढकलत नाही.

पुढचं_प्यादं | सोमवार, सकाळी ९:५१

रांग आणि डाव एक नाहीत, ताई. रांगेत समोरची बाई तुमची प्रतिस्पर्धी नसते. (पुण्यात असते कधीकधी.)

जुनं_खोड | सोमवार, दुपारी १२:२०

मी एकाहत्तर वर्षांचा आहे. आता फक्त सकाळी बागेत खेळतो. तरुणपणी सांगलीला भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळात मे महिन्यात जायचो, उन्हाने चटके बसायचे आणि आत पट मांडलेले असायचे. तेव्हा रेटिंग वगैरे आम्हा बहुतेकांना नव्हतंच. समोरचा किती भारी आहे ते पंधराव्या चालीला कळायचं. त्यात एक मजा होती. आता पाटीवर आधीच लिहिलेलं असतं, आणि माणूस पटाशी खेळण्याऐवजी पाटीशी खेळतो.

असो, तुझ्या डावाबद्दल. चुकीचा उंट आणि कडेचं प्यादं ही गोष्ट नवी नाही. ग्रेको नावाच्या इटालियन खेळाडूच्या १६२३ च्या सुमाराच्या टिपणांत ती आहे. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधी हे लोकांना ठाऊक होतं. तेव्हा १४७८ वाल्या मुलीला ठाऊक असलं तर नवल करू नकोस. १९१२ वाल्याच्या डोक्यात ते उशिरा आलं, याचं कर.

डी५ च्या ऐवजी आधी जी६ ढकलायचं होतं. मग घोड्याने जी६ वर कधीही उडी मारली असती तरी तू एच च्या प्याद्याने मारलं असतंस, आणि ते प्यादं जी वर आलं असतं. जी च्या प्याद्याला कुठलाही उंट चालतो. दोन प्यादी एकमेकांच्या आधाराने उभी राहिली की घोड्याला जीव देऊनही उपयोग नसतो. तू मात्र ती शेजारी-शेजारी ठेवलीस, म्हणजे जी५ वर मारताना परत मारायला राजाच.

पण मला खरा प्रश्न दुसरा आहे. लंडन खेळलास म्हणतोस. लंडनमध्ये तुझा काळ्या घरांचा उंट पहिल्या सहा चालींत बाहेर येतो आणि त्याच्या जिवावर अख्खा डाव चालतो. तो कुठे गेला? तो असता तर एच८ त्याच्या ताब्यात असतं, आणि तिने घोडा दिला असता तरी तू जिंकला असतास. नोंदवही बघ आणि सांग.

आणि पट न बघता सांग, ए२ घर कुठल्या रंगाचं?

तिरका_उंट | सोमवार, दुपारी १:०५

खोडकाका, तुमचा प्रश्न वाचून जेवता-जेवता उठलो. (ए२ पांढरं. बोटांवर मोजलं, कबूल.)

नोंदपत्रिका समोर आहे. माझा काळ्या घरांचा उंट बाराव्या चालीपासून एच२ वर होता. चव्वेचाळिसाव्या चालीला तिने तिचा उंट डी६ ला आणून माझ्यासमोर ठेवला. मी मारला, तिने घोड्याने परत मारला. शेजारी वेळ लिहिलेली असते: त्या चालीला मी अकरा सेकंद घेतले. अकरा! माझ्या घड्याळात तेव्हा बत्तीस मिनिटं होती.

का मारला ते आठवतंय. एच२ वरचा उंट मला आळशी वाटत होता. आणि "प्याद्याने पुढे असलो की मोहरी मारामारी करायची" हे डोक्यात पक्कं. शिवाय, खोटं कशाला बोलू, समोर १४७८ होतं. मी विचार करायची गरज मला वाटलीच नाही.

कोथरूडची_आई, उशीर झाला त्याबद्दल मनापासून माफी. सतरंजीवर झोपलेलं ते पोरगं मी बाहेर येताना बघितलं होतं. एकोणीस चालींबद्दल अजून ठरत नाही. पहिल्या दहा मी खरंच तपासत होतो. उरलेल्या नऊ रागाच्या होत्या.

जुनं_खोड | सोमवार, दुपारी १:३०

मग डाव एकसष्टाव्या चालीला नाही, चव्वेचाळिसाव्या चालीला गेला. पुढच्या सतरा चाली तू हरवलेली वस्तू शोधत होतास, फक्त तुला माहीत नव्हतं.

अडीचघरी | सोमवार, दुपारी ३:१०

"त्या रेटिंगला काय अर्थ राहिला" यावर थोडं. मुलांचं रेटिंग आणि त्यांचा खेळ यांत अंतर असतंच, कारण खेळ दर आठवड्याला वाढतो आणि रेटिंग स्पर्धा खेळल्यावरच हलतं. शिवाय १ मार्च २०२४ ला फिडेने मोठा बदल केला. त्याआधी १००० पर्यंतची रेटिंग मिळत होती, आता खालची मर्यादा १४०० आहे. आणि २००० च्या खाली जे कोणी होते, त्यांच्या रेटिंगमध्ये २००० पर्यंतच्या अंतराचे चाळीस टक्के एकदाच मिळवले. म्हणजे ११०० वाला एका रात्रीत १४६० झाला. नव्याने येणाऱ्याच्या पहिल्या रेटिंगमध्ये १८०० वाल्यांशी दोन काल्पनिक बरोबऱ्या धरतात.

त्यामुळे आजचा १४७८ हा आकडा म्हणजे जवळपास तळाचा मजला आहे. तिथे आजच क्लास लावलेलं पोरगं पण असतं आणि सहा महिन्यांत १८०० ला जाणारी मुलगी पण असते. बाहेरून दोघांचा मजला एकच दिसतो. आपण मोठे लोक मात्र वर्षाला दोन स्पर्धा खेळतो आणि कुठल्यातरी जुन्या आकड्याला चिकटून बसतो. १९१२ हे तुमचं कधीचं आहे?

तिरका_उंट | सोमवार, दुपारी ३:१८

मुद्द्याचं बोला.

(चार वर्षांपूर्वीचं. तेव्हाचं गणित, मार्च २०२४ ची भर धरून.)

दुपारचा_चहा | सोमवार, दुपारी ३:२०

म्हणजे अंतराचे चाळीस टक्के तुम्हालाही मिळाले होते, आणि मुलीचं रेटिंग खोटं!

हिंजवडीचा_कैदी | सोमवार, संध्याकाळी ६:४५

कॅबमध्ये आहे, सव्वा तास आहे, म्हणून लिहितो.

पुण्यात लहान मुलीला बुद्धिबळात कमी लेखायचं धाडस लोक अजून करतात याचंच आश्चर्य. सौम्या स्वामिनाथन इथलीच, २००९ ला अर्जेंटिनात मुलींची ज्युनिअर जगज्जेती. ईशा करवडे इथलीच. अभिजित कुंटे २००० साली ग्रँडमास्टर झाले तेव्हा देशात त्यांच्या आधी तिघेच होते, आणि त्यांची बहीण मृणालिनीही मोठी खेळाडू. गेल्या वर्षीच्या, म्हणजे एप्रिल २०२५ च्या महिला ग्रँड प्रीसाठी जगातल्या वरच्या मुली पुण्यात आल्या होत्या. कोनेरू हम्पी पहिली आली. आपल्या नागपूरची दिव्या देशमुखही त्यात होती. तिने पुढे जुलैमध्ये बातुमीला त्याच हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून विश्वचषक जिंकला आणि थेट ग्रँडमास्टर झाली. मानांकन किती होतं तिचं तिथे? पंधरावं. पाटी बघून खेळणाऱ्या चौदा जणी तिच्या वर होत्या.

जुनं_खोड | सोमवार, संध्याकाळी ७:३०

पंधराव्या मानांकनाची आणि तुमच्या कोथरूडच्या १३७ ची तुलना जरा ताणलेली आहे. तिथे सगळ्याच वाघिणी होत्या.

पण जुनी गोष्ट सांगतो. १९७६ ला रोहिणी खाडिलकर तेरा वर्षांची असताना पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. मुलीने तिथे खेळायचं की नाही यावरून केवढा गदारोळ झाला होता. हरण्याची भीती कोणाला होती ते उघड होतं. मुलीला नव्हती.

पेठेतला_वाचक | सोमवार, रात्री ८:१५

लहान-मोठ्यांचं निघालंच आहे तर: २००४ ला रेक्याविकला तेरा वर्षांच्या मॅग्नस कार्लसनने माजी जगज्जेत्या कास्परोव्हला एका जलद डावात बरोबरीत रोखलं होतं. दुसरा डाव मात्र कास्परोव्हने जिंकला. त्या बरोबरीनंतर कास्परोव्हने कुठल्या धाग्यावर जाऊन विचारलं असेल असं वाटत नाही.

आणि वर कोणीतरी "मोहरी मारामारी" लिहिलंय. मोहऱ्यांची मारामारी. षष्ठी विसरू नये.

पुढचं_प्यादं | सोमवार, रात्री ८:४०

तिरका_उंट, बाविसाव्या चालीला तिने बरोबरी विचारली तेव्हा स्थिती काय होती?

तिरका_उंट | सोमवार, रात्री ९:०२

बरोबरीची. अगदी सपाट. तिने रीतसर चाल करून, बरोबरी विचारून मग घड्याळ दाबलं. तेव्हा हो म्हटलं असतं तरी हेच ८.४ गेले असते आणि आम्ही सगळे बारा वाजता जेवलो असतो.

कोथरूडची_आई | सोमवार, रात्री ९:१०

आता तुम्ही बरोबर बोललात.

तिरका_उंट | मंगळवार, रात्री १०:३०

पुढचा भाग. स्पर्धा काल रात्रीपर्यंत चालू होती, पण पुढच्या फेऱ्यांबद्दल इथे काही लिहायचं मनात नव्हतं. काल शेवटच्या फेरीआधी ती मुलगी बाहेर पायऱ्यांवर दिसली, हातात पोह्यांचा डबा. मी जरा घुटमळलो, मग जाऊन विचारलं: तो चव्वेचाळिसाव्या चालीचा उंट तू मुद्दाम समोर आणलास का? कोपऱ्याचं गणित तेव्हाच डोक्यात होतं का?

खोडकाका, तुमचा अंदाज काय होता माहीत नाही, माझी तर खात्री होती की हो म्हणेल. ती म्हणाली, "नाही. तुमचा तो उंट एच२ वरून सारखा माझ्याकडे बघत होता, मला कंटाळा आला त्याचा. घोडा हलवला की काहीतरी मरायचं." मग घोड्याचा बळी कधी दिसला? "तुम्ही उंट डी५ ला ठेवलात तेव्हा. आधी मी रडणारच होते. मग मोजलं की तुमचा हा उंट पांढरा आहे."

मग मी मोठेपणाने म्हटलं, छान खेळलीस, रेटिंगकडे लक्ष देऊ नकोस, खेळावर दे. ती म्हणाली, "दिलं ना. तुमच्याकडून सोळा पूर्णांक आठ मिळाले." दशांशासकट. आईने डब्याचं झाकण लावता-लावता माझ्याकडे बघितलं, पण या वेळी हसत होती.

त्या एकोणीस चालींचंही मी विचारलं. दमलीस का? ती म्हणाली, "नाही, तेव्हा मला काहीच विचार करायचा नव्हता. जी७, एच८, जी७, एच८. मी मनात पाढे म्हणत होते." कोणते? "एकोणीसचा."

माझे नऊपैकी साडेपाच झाले, तिचे पाच. शेवटच्या फेरीत मी एका साठीच्या गृहस्थांशी खेळलो. एकोणपन्नासाव्या चालीला एक उंट मारायचा की नाही यावर नऊ मिनिटं बसलो. गृहस्थ म्हणाले, "साहेब, झोपलात का?"

गणिती_किडा | मंगळवार, रात्री १०:४४

एकोणीसचा पाढा! धागा इथेच बंद करा.

जुनं_खोड | मंगळवार, रात्री १०:५०

बंद कशाला. "तुमचा हा उंट पांढरा आहे" हे मोजायला तिला किती वेळ लागला असेल? मला शाळेत सरांनी दोन महिने पट न बघता घरांचे रंग म्हणायला लावले होते. तुम्ही सगळे मोबाईलवर खेळता, रंग आयते दिसतात. चला, मोजू नका: एफ४?

अडीचघरी | मंगळवार, रात्री १०:५१

काळं.

जुनं_खोड | मंगळवार, रात्री १०:५२

बी७?

पुढचं_प्यादं | मंगळवार, रात्री १०:५२

पांढरं. सोपं विचारा.

जुनं_खोड | मंगळवार, रात्री १०:५३

सी५.

दुपारचा_चहा | मंगळवार, रात्री १०:५३

पांढरं!

जुनं_खोड | मंगळवार, रात्री १०:५४

काळं. सी ही तिसरी ओळ, त्यात पाच मिळव, आठ. सम आली की काळं. ए१ पासून सुरू कर आणि उद्या परत ये.

कोथरूडची_आई | मंगळवार, रात्री ११:०२

मुलाला उठवून विचारलं. डोळे न उघडता "काळं" म्हणाला आणि कूस बदलली.

दुपारचा_चहा | मंगळवार, रात्री ११:०३

त्याचं रेटिंग किती आहे?